मूकपटाला नवं पार्श्वसंगीत: आधी प्रत, मग लय

एकही सूर लावण्याआधी चित्रपटाची प्रत पक्की करा. मूकपटांचे कॅमेरे बहुधा हाताने फिरवले जात, त्यामुळे वेग एकसारखा नसे. सेकंदाला 16 फ्रेमने 90 मिनिटं चालणारा चित्रपट 24 फ्रेमने तासाभरात संपतो. म्हणून एका प्रतीवर बांधलेलं संगीत दुसरीवर बसेलच असं नाही. मूळ चित्रपट प्रताधिकारमुक्त असला तरी दुरुस्त केलेल्या प्रतीवर हक्क असू शकतात. परवानगी लेखी घ्या.

आता आवाज बंद ठेवून चित्रपट दोनदा पाहा. दुसऱ्या वेळी टाइमकोडसह (पडद्यावरच्या नेमक्या वेळेसह) टिपणं काढा: प्रसंग कुठे बदलतो, पाटी (पडद्यावरचा लिखित मजकूर) कधी येते, पात्राचं मन कुठे पालटतं. संगीत खरं उभं राहतं ते या शेवटच्या नोंदीवर. प्रत्येक पडण्या-धडपडण्यावर झांज वाजवली, तर प्रेक्षकाला दिसतं तेच पुन्हा ऐकू येतं आणि महत्त्वाचा क्षण फिका पडतो. दहा मिनिटांत दोन-तीन जागा नेमक्या पकडल्या तरी पुष्कळ.

त्या जागांसाठी लय गणिताने काढा. प्रसंगाच्या सुरुवातीपासून तो क्षण 42.5 सेकंदांवर असेल, तर मिनिटाला 96 मात्रांच्या लयीत बरोबर 68 मात्रा होतात, म्हणजे चार मात्रांचे 17 बार (मात्रांचे गट). क्षण अठराव्या बारच्या पहिल्या मात्रेवर येतो. तो 43.3 सेकंदांवर असेल तर 68 गुणिले 60 भागिले 43.3, लय 94.2. फरक मोठा निघाला तर लय ताणू नका, मध्ये दोन मात्रांचा एक बार घाला.

सिंथ, गिटार, चेलो, ताल: एवढे रंग पुरतात. चार बारची लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) बराच वेळ तशीच फिरली की कान तिची दखल घेणं सोडतो. दर प्रवेशाला सप्तक किंवा वाद्य बदला. पाटीवर संगीत तोडू नका, फक्त धून विरळ करा. शांतता हवी असेल तिथे आधी एका लांब सुरापर्यंत उतरा, नाहीतर ध्वनियंत्रणा बिघडली असं वाटतं.

प्रत्यक्ष वादनात क्लिक ट्रॅक (वादकाला कानात लय देणारी टिकटिक) दर प्रसंगाला नव्याने सुरू करा, म्हणजे चुका साचत नाहीत. फाइलचा फ्रेम रेटही तपासा: संगीताचा प्रकल्प सेकंदाला 24 फ्रेमवर आणि चित्रपटाची फाइल 23.976 वर असेल, तर 80 मिनिटांत जवळपास पाच सेकंदांची तफावत पडते.