क्लासची फी भरण्याआधी: एंटरप्राइज जावाची घरची तयारी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातून बीई, बीसीए, एमसीए करून पुण्याला नाहीतर बंगळूरला एंटरप्राइज जावा, म्हणजे कंपन्यांच्या कामासाठी सर्व्हरवर चालणारी जावा, शिकायला निघालेल्यांसाठी ही यादी आहे. माझा आग्रह एकच: फी भरण्याआधी एक छोटं, पण कुणाच्या तरी खऱ्या कामाचं अॅप्लिकेशन घरी बसून लिहा आणि स्वतःच्या लॅपटॉपबाहेरच्या सर्व्हरवर चालवून दाखवा. कॉलेजात जावाची भाषा शिकवतात, प्रोग्राम लॅबच्या मशीनवर चालला की मार्क मिळतात. नोकरीत खरं काम त्याच्या पुढं सुरू होतं.

लॅपटॉपला 8 जीबी रॅम असेल तर भागतं, 16 असेल तर आयडीई (कोड लिहायचं सॉफ्टवेअर), डेटाबेस आणि अॅप्लिकेशन एकदम सुखानं चालतात. जेडीके (जावाच्या साधनांचा संच) एकच घाला, 21 किंवा 25, दोन्ही दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या आहेत. मग टर्मिनलमध्ये जावाची आणि मेव्हनची (लायब्रऱ्या आणून बिल्ड करणारं साधन) आवृत्ती विचारा. मेव्हन आपण कोणती जावा वापरतोय तेही सांगतो. दोन्हीकडं वेगळा आकडा दिसला तर जावा होमचा (जेडीके कुठल्या फोल्डरात आहे ते सांगणाऱ्या सेटिंगचा) पत्ता चुकलाय, तो आधी दुरुस्त करा. खानापूरच्या जंगलपट्टीतल्या गावात राहत असाल तर शहरात चांगलं नेट असताना एकदा पूर्ण बिल्ड (कोडपासून चालणारी फाईल बनवणं) चालवून घ्या. लायब्रऱ्या एम-टू फोल्डरमध्ये उतरतात, नंतर ऑफलाइन बिल्ड होतो, आणि तोच फोल्डर पेनड्राइव्हवरून मित्रालाही देता येतो.

जुने व्हिडिओ बघून शिकणार असाल तर साल बघा. 1999 मध्ये जे-टू-ईई म्हणून आलेलं एंटरप्राइज जावाचं प्रकरण पुढं जावा ईई झालं. 2017 मध्ये ओरॅकलनं ते इक्लिप्स फाउंडेशनकडं सोपवायचं जाहीर केलं आणि 2018 मध्ये त्याचं नाव जकार्ता ईई झालं. 2020 च्या जकार्ता ईई 9 मध्ये पॅकेजांच्या नावातलं 'जावाएक्स' जाऊन 'जकार्ता' आलं. जावाची वेब अॅप्लिकेशनं चालवणारा सर्व्हर टॉमकॅट 9 जुनी नावं ओळखतो, टॉमकॅट 10 नवी. 2022 च्या अखेरीस आलेल्या स्प्रिंग बूट (जावाची अॅप्लिकेशनं उभारायचा तयार सांगाडा) 3 पासून तिथंही नवीच नावं, आणि जावा किमान 17 लागते. मात्र सरसकट बदलत सुटू नका: 'जावाएक्स डॉट एसक्यूएल' जेडीकेचाच भाग आहे, तो तसाच राहतो.

आता विषय. लायब्ररी मॅनेजमेंट नको, ते सगळेच करतात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली एखादी फाउंड्री घ्या, ओळखीतलं कुणी ना कुणी तिथं कामाला असतंच. कास्टिंगचा (ओतीव भागांचा) स्टॉक, चलन (मालासोबत जाणारा कागद), बिल, बस्स. सीमाभागाची गंमत अशी की, माल हुबळीला, म्हणजे कर्नाटकातच, गेला तर सीजीएसटी (केंद्राचा) आणि एसजीएसटी (राज्याचा), आणि तासा-दोन तासांवरच्या कोल्हापूरला, म्हणजे महाराष्ट्रात, गेला तर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीचा). 18 टक्के दर धरला तर पहिल्यात 9 अधिक 9, दुसऱ्यात सरळ 18. जीएसटी नंबरचे पहिले दोन अंक राज्याचे: कर्नाटक 29, महाराष्ट्र 27, गोवा 30. एवढ्या एका नियमातून क्लास, टेबल, टेस्ट सगळं उभं राहतं. पैशासाठी डबल (दशांश आकडे अंदाजानं साठवणारा प्रकार) वापरू नका, बिगडेसिमल (अचूक साठवणारा) वापरा. गिऱ्हाइकांची नावं मराठीत आणि कन्नडमध्ये घालून बघा. प्रश्नचिन्हं उमटली तर डेटाबेसचं यूटीएफ-8 (सगळ्या लिप्या साठवणारं एन्कोडिंग) तपासा.

सगळ्यात जास्त वेळ ट्रान्झॅक्शनला (कामं एकतर सगळी होतील, नाहीतर एकही नाही) द्या. बिल लिहिणं आणि स्टॉक कमी करणं ही दोन कामं एकाच मेथडमध्ये ठेवा, वर स्प्रिंगच्या ट्रान्झॅक्शनलची खूण लावा आणि दोघांच्या मध्ये मुद्दाम एक्सेप्शन (चूक झाल्याचा इशारा) फेका. आधी रनटाइम एक्सेप्शन: टेबलात बिल राहत नाही, सगळं मागं फिरतं. आता त्याच जागी चेक्ड एक्सेप्शन (ज्याची दखल घ्यायची सक्ती कंपायलर करतो) फेका. बिल पक्कं झालेलं दिसेल आणि स्टॉक तसाच! स्प्रिंग आपणहून चेक्ड एक्सेप्शनवर मागं फिरत नाही, तसं त्याला सांगावं लागतं. शिवाय त्याच क्लासमधल्या दुसऱ्या मेथडनं थेट हाक मारली तर ती खूण लागूच पडत नाही, कारण मधला प्रॉक्सी (स्प्रिंगनं क्लासपुढं उभा केलेला मध्यस्थ) वगळला जातो. हे डोळ्यांनी टेबलात बघितलेला उमेदवार मुलाखतीत अडखळत नाही.

सर्व्हरसाठी छोटी लिनक्स मशीन पुरते. जार फाईल (बिल्ड होऊन तयार झालेलं अॅप्लिकेशन) सिस्टमडीची (लिनक्समध्ये सर्व्हिस सांभाळणारं साधन) सर्व्हिस म्हणून लावा, म्हणजे मशीन बंद पडून परत सुरू झाली तरी अॅप्लिकेशन आपोआप उठतं. पुढं एनजिनएक्स (बाहेरच्या विनंत्या आधी घेणारा वेब सर्व्हर) ठेवा, डेटाबेसचा पोर्ट बाहेरच्या जगाला उघडू नका, पासवर्ड गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या ठेवणाऱ्या साधनात) जाऊ देऊ नका. घड्याळ नक्की बघा. सर्व्हर बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाण वेळेवर) असतो, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. रात्रपाळीत 1 एप्रिलला पहाटे दोन वाजता फाडलेल्या चलनावर 31 मार्च पडेल, म्हणजे चलन मागच्या आर्थिक वर्षात जाईल. तारीख काढताना एशिया-कोलकाता झोन स्पष्ट लिहा.

डॉकर आणि क्युबरनेटिस (अॅप्लिकेशन डब्यात बांधून चालवायची साधनं) नंतर शिका, घाई नाही. बॅकअप मात्र आत्ताच: नुसता काढून ठेवू नका, रिकाम्या डेटाबेसात परत भरून बिलांची संख्या जुळते का बघा. नवी जार चढवताना जुनी पुसू नका, तारखेच्या नावानं शेजारी ठेवा, आणि फाउंड्रीतल्या माणसाला वापरायला देण्याआधी एकदा जुनीवर परत येऊन बघा.