सीडी-कॅसेटचं कपाट उपसताना: डबा सगळ्यात शेवटी घ्या

आमच्या ठाण्यातल्या पाचपाखाडीत कुणी फ्लॅटचं काम काढलं की पहिली कुऱ्हाड कोसळते ती सीडी-कॅसेटच्या कपाटावर. त्या जागी टीव्ही युनिट येतं आणि मग मला फोन येतो, "ताई, स्ट्रीमर कुठला घेऊ?" स्ट्रीमर म्हणजे नेटवरची आणि डिस्कवरची गाणी स्पीकरवर वाजवणारा डबा. माझं उत्तर ठरलेलं आहे. डबा सगळ्यात शेवटी. आधी कपाट उपसा.

जमिनीवर जुने पेपर अंथरा, मोबाइल हाताशी ठेवा आणि एकेक सीडी गाण्यांच्या ॲपवर शोधून बघा. जे जसंच्या तसं मिळतं त्यावर एक मिनिटही घालवू नका, ते ऐकायला ॲप पुरे. पण 'जसंच्या तसं' नीट तपासा. भीमसेनजींचा एकच राग चार-पाच ठिकाणी दिसेल, त्यातली मैफल मात्र तुमच्या सीडीतली असेलच असं नाही. विलंबित (संथ लयीतला भाग) किती मिनिटांचं आहे ते जुळवा, तबला-पेटीला कोण आहे ते वेष्टनावर वाचा. सिनेमाच्या गाण्यांत मूळ रेकॉर्डिंगऐवजी झंकार बीट्सवालं (मागाहून ठेका चढवलेलं) गळ्यात पडतं, तेही बघून घ्या.

जे मिळत नाही ते खरं धन. आमच्याकडे हा ढीग सासऱ्यांचा आहे: आकाशवाणीवरच्या मैफली टू-इन-वनवर टेप केलेल्या नव्वद मिनिटांच्या कॅसेट, ओळखीच्या गायकांच्या घरगुती बैठका, आणि कधीच्या बंद पडलेल्या छोट्या कंपन्यांच्या सीडी. मेहनत करायची ती एवढ्यावरच.

आधी सीडी, कारण त्या सोप्या. यूएसबीला लागणारा डीव्हीडी ड्राइव्ह दोनेक हजारांत येतो. सीडी कॉम्प्युटरवर उतरवायला विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी, दोन्ही सॉफ्टवेअर फुकट. ही सॉफ्टवेअर निघालेली कॉपी ॲक्युरेटरिप नावाच्या यादीशी ताडून बघतात. त्याच सीडीची इतरांनी काढलेली कॉपी आणि तुमची तंतोतंत जुळली तर निर्धास्त व्हा. फाइल फ्लॅक फॉरमॅटमध्ये ठेवा. फ्लॅकमध्ये आवाजातलं काहीही कापलं जात नाही, तरी जागा साधारण निम्मी लागते. फ्लॅकमध्ये एक सीडी तीन-चारशे एमबीत बसते. म्हणजे तीनशे सीडी असल्या तरी एक टीबीची डिस्क अर्धीही भरत नाही.

सीडी पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. आणि जपायची ती चकचकीत बाजू नव्हे, छापील बाजू. माहितीचा थर तिच्या लगेच खाली असतो, वर फक्त लॅकरचा पातळ लेप. चकचकीत बाजूचा ओरखडा बरेचदा निभावतो, छापील बाजूचा खोल गेला तर तेवढं गाणं गेलं.

नावं टाकायचं काम कंटाळवाणं आहे, पण इथे आळस केलात तर पुढे रोज शोधाशोध. आपोआप येणाऱ्या नावांत कुमारजी तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांनी आणि एकदा 'पंडित' लावून येतात, की झाले चार कलाकार. मी पंडित, उस्ताद, विदुषी सगळं काढते (मनात आदर आहेच), नाव देवनागरीत लिहिते आणि 'जॉनर'च्या रकान्यात रागाचं नाव टाकते. तिथे 'वर्ल्ड म्युझिक' वाचून कुणाचं भलं झालंय? आता मारवा म्हटलं की घरातले सगळे मारवे एका रांगेत उभे राहतात.

कॅसेटचं काम पावसाळ्यात काढूच नका. ठाण्याच्या दमट हवेत टेपच्या कडेला पांढरी बुरशी धरते आणि तशी कॅसेट डेकमध्ये (कॅसेट वाजवायच्या यंत्रात) घातली की टेप वाचणारं हेड खराब, पाठोपाठ पुढच्या कॅसेटलाही लागण. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की बसा. प्रत्येक कॅसेटआधी हेड आणि रबरी रोलर इअरबडने पुसा. हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, रबराला ओलसर फडकं बरं. आवाज घुमट, दबलेला येत असेल तर कॅसेट वाईट आहे असं लगेच ठरवू नका. हेडशेजारी एक छोटा स्क्रू असतो, तो हेडचा कोन ठरवतो. कॅसेट चालू ठेवून तो केसभर फिरवा. टाळ, झांजा, तबल्याची चाट जिथे सगळ्यात स्वच्छ ऐकू येते तिथे थांबा. दुसऱ्या मशीनवर टेप केलेल्या कॅसेटला हे बहुतेकदा लागतंच.

डेकच्या लाइन-आउटमधून (आवाज बाहेर देणाऱ्या भोकातून) वायर यूएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये घाला, म्हणजे आवाज कॉम्प्युटरला देणाऱ्या छोट्या यंत्रात. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात नको, तिथे आवाज फाटतो. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा आणि सगळ्यात मोठी तानही उणे ६ डेसिबलच्या आत राहील इतकी लेव्हल. नंतर खरखर काढायचा मोह होईल. नॉइज रिडक्शन हलक्या हाताने लावा, किंवा मूळ फाइल तशीच ठेवून कॉपीवर लावा. सतत चालणारा आवाज म्हणजे खरखर, असं ते सॉफ्टवेअर धरून चालतं, आणि सतत चालणारा तर आपला तानपुराही असतो. जास्त लावलंत की गायक उघड्यावर पडतो. मला थोडी खरखर चालते, तानपुऱ्याविना षड्ज नाही चालत.

एलपी (मोठ्या रेकॉर्डी) असतील तर त्यांचा क्षीण आवाज वाढवणारा फोनो प्रीॲम्प लागतोच, नाहीतर आवाज बारीक आणि बिनबुडाचा येतो. बाकी कृती कॅसेटसारखीच.

आता ॲप. ॲपल म्युझिक २०२१ पासून जादा पैसे न घेता लॉसलेस (फ्लॅकसारखं, आवाजातलं काही न कापलेलं) देतं, पण ते सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं. स्पॉटिफायने २०२५ मध्ये लॉसलेस आणलं. कुठल्या प्लॅनमध्ये मिळतं ते पैसे भरण्याआधी बघा. कुठलंही ॲप असो, क्रॉसफेड बंद करा, नाहीतर विलंबित संपता संपता द्रुत त्याच्या अंगावर येतं. आवाज एकसारखा करणारी सोयही बंद. नेटची चिंता नको, सीडीच्या दर्जाला दीड एमबीपीएसही लागत नाही. अडचण होते वाय-फायची. आमच्यासारख्या टॉवरमध्ये प्रत्येक भिंतीपलीकडे एक राउटर आहे, त्या गर्दीत २.४ गिगाहर्ट्झवर गाणं अडखळतं. ५ गिगाहर्ट्झवर जा, किंवा सरळ लॅनची वायर ओढा.

आणि ॲप कायमचं नसतं. २०२४ मध्ये रेसो बंद झालं, त्याच वर्षी विंकही. म्हणून ॲपवर न मिळणारा तो ढीग स्वतःच्या डिस्कवर हवा.

आता डबा. आमच्याकडे निवड सासूबाईंनी केली म्हणायला हरकत नाही. "अगं, मला त्या मोबाइलच्या नादाला लावू नकोस. टू-इन-वनसारखं बटण दाबलं की लागलं पाहिजे." म्हणून रिमोटवर प्रीसेटची (आधी ठरवून ठेवलेलं लावणारी) बटणं असलेला स्ट्रीमर घेतला. तुम्हीही एवढं बघा: वाय-फाय किंवा लॅनवर चालतो का, मागे हार्डडिस्क लावता येते का, दोन ट्रॅकमध्ये खंड न पाडता वाजवतो का. ब्लूटूथवर भागवू नका, त्यात आवाज पुन्हा दाबला जातो आणि लॉसलेसचा खटाटोप फुकट.

बजेटचा मोठा वाटा मात्र स्पीकरला द्या. ३२० केबीपीएसची चांगली एमपीथ्री आणि लॉसलेस यातला फरक ओळखताना भल्याभल्यांची तारांबळ उडते, स्पीकर हलवल्याचा फरक पोरांनाही कळतो. भिंतीपासून फूटभर पुढे घ्या, ट्वीटर (स्पीकरमधला बारीक आवाजांचा छोटा भाग) आपण बसल्यावर कानाच्या उंचीला येऊ दे, टीव्ही युनिटच्या कप्प्यात कोंबू नका. हॉलच्या गुळगुळीत टाइल्सवर आवाज घुमतो. समोर जाड सतरंजी अंथरली की निम्मं काम झालं.

डिस्कची दुसरी प्रत घराबाहेर ठेवा. आमची पुण्याला नणंदेकडे असते. तिला बजावून ठेवलंय, त्यावर लग्नाचे व्हिडिओ टाकायचे नाहीत.