केबल लावल्यानंतरची पहिली काही सेकंदे

नेटवर्किंगच्या नोकरीसाठी पुण्यात मुलाखतींना येणाऱ्या नवख्या उमेदवारांना मी एक प्रश्न हमखास विचारतो: आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) वापरणाऱ्या संगणकाला डीफॉल्ट गेटवे, म्हणजे बाहेरच्या नेटवर्ककडे नेणारा राउटर, कोण सांगतो? बहुतेकांचे उत्तर ‘डीएचसीपी सर्व्हर’ (संगणकांना पत्ते वाटणारा सर्व्हर) असे येते आणि त्यात मला नवल वाटत नाही, कारण आपल्याकडे सगळे शिक्षण जुन्या आयपीव्ही४ पासून सुरू होते. तेथे १९९७ च्या डीएचसीपी मानकाप्रमाणे एकच सर्व्हर पत्ता, सबनेट मास्क, गेटवे आणि डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) हे सारे एका फटक्यात देऊन टाकतो. आयपीव्ही६ साठीच्या डीएचसीपीव्ही६ मध्ये मात्र गेटवे कळवण्याची सोयच ठेवलेली नाही. ते काम राउटर स्वतः करतो. हे मला कोणत्याही वर्गात नीट उमगले नव्हते, ते एका बिघाडाने शिकवले.

तेव्हा मी एका लहान कंपनीच्या नेटवर्क विभागात नवा होतो. एके दिवशी सकाळी एका मजल्यावरून तक्रारी येऊ लागल्या. काही संकेतस्थळे पूर्वीसारखीच उघडत होती, पण काही प्रोग्रॅम सर्व्हरशी जोडले जाताना बराच वेळ अडकून पडत आणि मग एकदम चालू लागत. आम्ही स्विच, केबल, फायरवॉल, डीएनएस असे सगळे तपासले. आमच्याकडे आयपीव्ही६ ‘लावलेले नाही’ अशी सर्वांची समजूत असल्यामुळे त्या बाजूला कोणी फिरकलेच नाही. दुपारी एका वरिष्ठ सहकाऱ्याने माझ्या शेजारी बसून अडकणाऱ्या संगणकावर टीसीपीडम्प (नेटवर्कवरची पॅकेटे दाखवणारा प्रोग्रॅम) लावला आणि आयसीएमपीव्ही६ (आयपीव्ही६ चे नियंत्रणाचे निरोप) सोडून बाकी सगळे गाळून टाकले. पडद्यावर जे दिसले ते समजण्यासाठी आधी नेहमीचा क्रम माहीत हवा.

संगणक नेटवर्कला जोडला की तो प्रथम कोणालाही न विचारता स्वतःसाठी एफई८० ने सुरू होणारा लिंक-लोकल पत्ता तयार करतो. या पत्त्याची हद्द त्या एका लिंकपुरतीच, म्हणजे मध्ये राउटर न येणाऱ्या जोडणीपुरतीच असते. हा पत्ता दुसऱ्या कोणाकडे आहे का, हे तपासण्यासाठी तो नेबर सॉलिसिटेशन नावाचे पॅकेट पाठवतो. त्याचा स्वतःचा पत्ता अजून पक्का झालेला नसल्यामुळे त्या पॅकेटात पाठवणाऱ्याचा पत्ता शून्य असतो. नेहमीच्या मांडणीत एक सेकंद वाट पाहून कोणाचा आक्षेप आला नाही, तर पत्ता त्याचा होतो. पुढे तो एफएफ०२::२ या, म्हणजे ‘या लिंकवरील सर्व राउटर’ अशा मल्टिकास्ट पत्त्यावर राउटर सॉलिसिटेशन पाठवतो. उत्तर न आल्यास चार सेकंदांच्या अंतराने, एकूण तीन वेळा विचारतो. राउटर उत्तरादाखल राउटर अ‍ॅडव्हर्टाइजमेंट पाठवतो, आणि कोणी विचारले नाही तरी ठरावीक काळाने एफएफ०२::१ या सर्वांच्या पत्त्यावर तीच माहिती पुन्हा पाठवत राहतो.

या एका जाहिरातीत काय काय असते, हे नवख्याने पॅकेट उघडून ओळीओळीने वाचावे. राउटर लाइफटाइम म्हणजे ‘मला किती सेकंद डीफॉल्ट राउटर समजा’ हा आकडा, जो सहसा १८०० असतो. त्याखाली प्रीफिक्स (पत्त्याचा सुरुवातीचा भाग) आणि त्याच्या दोन मुदती असतात. मानकातील नेहमीचे आकडे घेतले, तर पत्ता सात दिवस पसंतीचा आणि तीस दिवस वैध राहतो. प्रीफिक्ससोबतचे ए हे चिन्ह चालू असेल, तर संगणक त्या ६४ बिटांपुढे आपले ६४ बिट जोडून पूर्ण पत्ता स्वतःच तयार करतो. एम हे चिन्ह ‘पत्त्यासाठी डीएचसीपीव्ही६ उपलब्ध आहे’ असे सांगते आणि ओ हे ‘इतर माहितीसाठी ते उपलब्ध आहे’ असे सांगते. एम चालू केले की ए आपोआप बंद होते, असे अनेकजण धरून चालतात. ही दोन चिन्हे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, आणि दोन्ही चालू राहिल्यास एकाच इंटरफेसवर दोन्ही मार्गांनी आलेले पत्ते दिसतात.

आपले ६४ बिट कोठून येतात, हे एकदा हाताने करून पाहावे. माझ्या वहीत अजून हे उदाहरण आहे: मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा पत्ता) ५२:५४:००:१२:३४:५६. तो मधोमध तोडून त्यात एफएफएफई घालायचे आणि पहिल्या बाइटमधला सातवा बिट उलटायचा. ५२ चे ५० होते आणि ५०५४:००एफएफ:एफई१२:३४५६ हा भाग तयार होतो. ही जुनी पद्धत आहे. तिच्यामुळे एकच यंत्र कोणत्याही नेटवर्कवर गेले तरी ओळखू येते, म्हणून आजच्या बहुतेक प्रणाली यादृच्छिक किंवा नेटवर्कनिहाय वेगळा पण स्थिर भाग वापरतात. लॉगमधील पत्त्यावरून यंत्र ओळखता येईल, या भरवशावर त्यामुळे राहू नये.

आता त्या दुपारकडे वळतो. आमच्या पडद्यावर एक राउटर अ‍ॅडव्हर्टाइजमेंट आले, आणि त्यातला प्रीफिक्स २००१:डीबी८ ने सुरू होत होता. हा पत्त्यांचा पट्टा केवळ पुस्तकांतील आणि दस्तऐवजांतील उदाहरणांसाठी राखून ठेवलेला आहे. सहकाऱ्याने तो पाहताच सांगितले की कोणीतरी सराव करत आहे. आम्ही फ्रेममधला पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता घेतला, स्विचच्या मॅक टेबलमध्ये शोधला, पोर्ट सापडला आणि त्या पोर्टवरून कामाचे टेबल सापडले. तिथे एक सहकारी व्हर्च्युअल मशीनमध्ये आरएडीव्हीडी (राउटरची जाहिरात पाठवणारा प्रोग्रॅम) चालवून मनापासून अभ्यास करत होता. त्याच्या मशीनचे नेटवर्क मात्र ‘ब्रिज्ड’ वर राहिल्यामुळे त्याची जाहिरात लॅपटॉपच्या बाहेर पडून साऱ्या मजल्यावर पोहोचत होती. मजल्यावरच्या यंत्रांत आयपीव्ही६ मुळातच चालू होते. त्यांनी मुकाट्याने पत्ते तयार केले, त्या मशीनला डीफॉल्ट राउटर मानले आणि ज्या ठिकाणांचे आयपीव्ही६ पत्ते डीएनएसमधून मिळत, तिकडची पॅकेटे त्याच्याकडे पाठवू लागली. त्याची फायरवॉल ती टाकून देत होती. ब्राउझर थोडी वाट पाहून समांतर आयपीव्ही४ आजमावतात म्हणून ते चालत होते, आणि ज्या प्रोग्रॅमांत ती सोय नव्हती ते अडकत होते.

त्याने घाईने व्हर्च्युअल मशीन बंद केले, तरी तक्रारी लगेच थांबल्या नाहीत. मशीन एकाएकी बंद झाल्यामुळे ‘मी आता राउटर नाही’ हा निरोप कोणाला गेलाच नव्हता, आणि सर्व संगणक १८०० सेकंद संपेपर्यंत त्यालाच राउटर मानत होते. सहकाऱ्याने ते मशीन पुन्हा चालू करायला लावले आणि आरएडीव्हीडी रीतसर थांबवायला सांगितले. तसे थांबवताना ते राउटर लाइफटाइम शून्य असलेली शेवटची जाहिरात पाठवते. ती दिसताच माझ्या समोरच्या संगणकातून डीफॉल्ट मार्ग नाहीसा झाला. ती शून्याची ओळ मला आजही डोळ्यांपुढे दिसते.

यावरचा कायमचा उपाय म्हणजे स्विचवर आरए (राउटरची जाहिरात) गार्ड लावणे, म्हणजे ज्या पोर्टवर खरा राउटर आहे ते सोडून इतर पोर्टांवरून येणारी जाहिरात अडवणे. त्याची रूपरेषा २०११ मध्ये आरएफसी ६१०५ (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांपैकी एक) मध्ये मांडली गेली. ‘आम्ही आयपीव्ही६ वापरत नाही’ असे सांगणाऱ्या कार्यालयांना मी हा उपाय अधिक आग्रहाने सुचवतो, कारण तिथे खोट्या जाहिरातीला विरोध करणारी खरी जाहिरातही नसते आणि कोणाचे लक्षही नसते. दूरवरून कोणी अशी जाहिरात पाठवू शकेल का, असा प्रश्न अनेकांना पडतो. या पॅकेटांची हॉप लिमिट २५५ असावीच लागते आणि वाटेतला प्रत्येक राउटर ती एकने कमी करतो, त्यामुळे २५५ दिसली याचा अर्थ पॅकेट याच लिंकवरचे आहे. संरक्षणाची ही युक्ती मला फार आवडते, कारण तिला ना किल्ली लागते ना पासवर्ड.

अभ्यासाला महागडी उपकरणे लागत नाहीत. लिनक्सवर दोन नेटवर्क नेमस्पेस (एकाच यंत्रातली वेगळी नेटवर्के) करावेत, त्यांना आभासी केबलने जोडावे, एकात आरएडीव्हीडी आणि दुसऱ्यात टीसीपीडम्प चालवावा, म्हणजे सारे लॅपटॉपच्या आतच राहते. मग ए चिन्ह बंद करावे, मुदत साठ सेकंदांवर आणावी, एकाच प्रीफिक्ससाठी दोन राउटर उभे करावेत आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या बाजूचे पत्ते व मार्ग वहीत लिहून काढावेत. आरएफसी ४८६१ आणि ४८६२ हे २००७ चे दोन दस्तऐवज याच वेळी शेजारी उघडे ठेवावेत. नुसते वाचायला ते जड जातात, पण समोर पॅकेट असले की पटकन कळतात.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. लिनक्समध्ये आयपीव्ही६ फॉरवर्डिंग (इतरांची पॅकेटे पुढे पाठवणे) चालू केले की कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, त्या यंत्राला राउटर समजते आणि नेहमीच्या मांडणीत इतरांच्या जाहिराती स्वीकारणे थांबवते. कंटेनर चालवणारे सॉफ्टवेअर कधी कधी हे फॉरवर्डिंग परस्पर चालू करते आणि मग सर्व्हरचा डीफॉल्ट मार्ग जातो. अशा वेळी त्या इंटरफेसची ‘अ‍ॅक्सेप्ट आरए’ ही किंमत १ वरून २ करावी लागते. कालपर्यंत चालणारा सर्व्हर आज आयपीव्ही६ वरून पोहोचत नाही अशी तक्रार आली, तर राउटरकडे जाण्याआधी मी आधी हेच दोन आकडे पाहतो.