रुग्णाला पलंगावरून व्हीलचेअरमध्ये कसे बसवावे

“गुडघे वाकवा, पाठ ताठ ठेवा आणि उचला” हा सल्ला प्रत्येक नव्या परिचारिकेला आणि घरी रुग्णाची सेवा करणाऱ्या प्रत्येकाला मिळतो. खोके उचलताना तो उपयोगी पडेल. माणूस मात्र खोक्यासारखा अंगाशी घट्ट धरता येत नाही, तो मध्येच घाबरतो, हाताला लागेल ते पकडतो आणि त्याचा गुडघा न सांगता ढिला पडतो. कामगारांच्या आरोग्याविषयी संशोधन करणारी ‘नायॉश’ ही अमेरिकी संस्था वस्तू उचलण्यासाठी जे सूत्र वापरते, त्यात सर्व काही अनुकूल असताना कमाल मर्यादा 23 किलो धरली आहे. त्याच सूत्राच्या आधारे रुग्णासाठी सुचवलेली मर्यादा जेमतेम 16 किलो आहे. शंभर किलो वजनाच्या माणसाचा नुसता एक पाय जवळपास तेवढा भरतो. म्हणून रुग्णाला उचलायचेच नाही. त्याने उठायचे आणि आपण त्याच्या उठण्याला दिशा द्यायची.

ज्याचा निदान एक पाय भार पेलतो, ज्याला सांगितलेले समजते आणि जो आधाराशिवाय पलंगाच्या कडेला बसू शकतो, अशाच रुग्णासाठी ही पद्धत आहे. यातले एक जरी जमत नसेल, तर रुग्ण उचलण्याचे यंत्र वापरावे. दोघांनी काखेत आणि गुडघ्यांखाली हात घालून उचलण्याचा प्रकार अजूनही सर्रास दिसतो. त्यात दोघांच्याही कंबरा जातात, आणि मी माझ्यासमोर तो होऊ देत नाही.

खुर्ची रुग्णाच्या बळकट बाजूला, पलंगाशी किंचित तिरकी लावावी, ब्रेक लावावेत, पायदाने बाजूला करावीत आणि लघवीची पिशवी व सलाइनची नळी मोकळी करून घ्यावी.

रुग्णाला कडेला बसवल्यावर लगेच उठवू नये. आडवा असलेला माणूस उठला की रक्त पायांकडे उतरते. उभे राहिल्यापासून 3 मिनिटांत वरचा रक्तदाब 20 अंकांनी किंवा खालचा 10 अंकांनी उतरला, तर भोवळ येण्याचा धोका असतो. त्याच्याशी बोलत राहावे. उत्तर अर्ध्यावर थांबले, ओठ पांढुरके झाले किंवा कपाळावर घाम फुटला, तर त्याला पुन्हा आडवे करावे.

खरा अवघड टप्पा यानंतरचा, बसलेल्या माणसाने उभे राहण्याचा. सुरुवातीची कित्येक वर्षे मी रुग्णाला समोरून सरळ वर ओढत असे. पक्षाघात झालेल्या एका धिप्पाड गृहस्थांना असेच उठवत असताना त्यांनी घाबरून माझ्या मानेला मिठी मारली, त्यांचा सारा भार माझ्या वाकलेल्या पाठीवर आला आणि कमरेत एकदम चमक निघाली. मणक्यातली गादी सरकली होती, आणि पुढचे सहा आठवडे मला स्वतःच्या चपला घालण्यासाठीही दुसऱ्याची मदत लागत होती.

चूक कुठे होती, ते एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी मलाच खुर्चीत बसवून दाखवले. त्यांनी मला पाय पुढे पसरायला, पाठ टेकवायला आणि हात न लावता उठायला सांगितले. मला उठता येईना. मग पावले गुडघ्यांच्या थोडी मागे घेऊन मी धड पुढे झुकवले, आणि नाक पायांच्या बोटांच्या वर येताच बूड आपसूक खुर्चीवरून सुटले. आपण रुग्णाच्या अगदी समोर, छातीला छाती लावून उभे राहतो, तेव्हा त्याला पुढे झुकायला जागाच उरत नाही, आणि जे वजन त्याच्या पायांवर जायला हवे ते आपल्या कमरेवर येते.

म्हणून रुग्णाच्या दुबळ्या बाजूला, किंचित कडेला उभे राहावे. त्याला पलंगाच्या काठापर्यंत पुढे सरकवून त्याची पावले मागे घ्यावीत आणि त्याच्या दुबळ्या गुडघ्याला आपल्या गुडघ्याचा आधार द्यावा. पकड त्याच्या कमरेला बांधलेल्या रुंद पट्ट्यावर असावी. काखेत हात घालून ओढू नये, कारण पक्षाघाताच्या बाजूचे स्नायू सैल पडलेले असतात आणि तो खांदा जरा ओढ बसली तरी सांध्यातून खाली उतरतो. त्याचा बळकट हात गादीवर किंवा खुर्चीच्या हातावर ठेवायला सांगावे, आपल्या मानेभोवती कदापि नाही. मग दोघांनी मिळून एक, दोन म्हणत पुढे-मागे हलके झोके घ्यावेत आणि तीनला तो पुढे झुकत उठेल. तो उठला नाही, तर जोर वाढवू नये. पावले पाहावीत, बहुतेक वेळा ती पुढे सरकलेली असतात.

उभा राहिल्यावर कंबर न पिळता लहान पावले टाकत दोघांनी वळावे, आणि खुर्चीची कड पोटऱ्यांना लागली की त्याने पुन्हा पुढे झुकत सावकाश बसावे.

मध्येच तो कोसळू लागला, तर त्याला सावरून धरण्याच्या भरीस पडू नये. एक पाय मागे घेऊन, पट्टा धरून, त्याला आपल्या मांडीवरून घसरवत जमिनीवर बसू द्यावे, त्याचे डोके सांभाळावे आणि मदतीला हाक मारावी.

स्वतःच्या कमरेत कळ आली, तर तिची लेखी नोंद त्याच दिवशी करावी. माझी गादी सरकली तेव्हा “होतं असं कामात” या वरिष्ठांच्या शब्दांवर मी गप्प बसले, आणि ती दुखापत कामावरच झाली हे महिनाभराने सांगताना माझ्याकडे दाखवायला एक ओळही नव्हती.