जुन्या रेडिऑन कार्डासाठी लिनक्समधील ड्रायव्हर बदलताना

विंडोजमधून लिनक्सकडे आलेल्या माणसाला ड्रायव्हर बदलणे म्हणजे कंपनीच्या संकेतस्थळावरून फाइल उतरवून ती चालवणे असेच वाटते. एएमडीच्या जुन्या रेडिऑन कार्डांच्या बाबतीत तसे काहीच करायचे नसते. जुना ‘रेडिऑन’ आणि नवा ‘एएमडीजीपीयू’ हे दोन्ही ड्रायव्हर कर्नलबरोबरच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याबरोबरच, आलेले असतात. कार्डाचा ताबा दोघांपैकी कोणी घ्यायचा, एवढेच आपण ठरवायचे असते. (खालील आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, त्या टर्मिनलमध्ये इंग्रजी अक्षरांत टाइप कराव्यात.)

एएमडीजीपीयू २०१५ साली कर्नल ४.२ मध्ये दाखल झाला, परंतु २०१२ पासून बाजारात आलेली, एएमडीच्या ‘जीसीएन’ या चिप-रचनेच्या पहिल्या दोन पिढ्यांची कार्डे पुढे बराच काळ रेडिऑनकडेच राहिली. या बदलाचा सर्वांत मोठा लाभ म्हणजे व्हल्कन, म्हणजे खेळांसारख्या प्रोग्रॅमांना ग्राफिक्स कार्डाकडून काम करवून घेऊ देणारी प्रणाली. मेसा या लिनक्समधील ग्राफिक्स ड्रायव्हरांच्या संचातील व्हल्कन ड्रायव्हर रॅडव्ही हा एएमडीजीपीयूवरच चालतो, आणि विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणाऱ्या डीएक्सव्हीकेला आवृत्ती २.० पासून व्हल्कन १.३ लागते. ज्या संगणकावर केवळ कागदपत्रे आणि ब्राउझर चालतो आणि जिथे काही अडत नाही, तिथे या वाटेला न गेलेलेच बरे, असे माझे मत आहे.

सर्वप्रथम कार्ड नेमके कोणते आहे ते पाहावे. टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय -एनएनके’ ही आज्ञा द्यावी आणि व्हीजीए या शब्दाने सुरू होणारा भाग शोधावा. उदाहरणार्थ, रेडिऑन एचडी ७७५० असल्यास तिथे ‘केप व्हर्ड प्रो’ हे सांकेतिक नाव आणि चौकटी कंसात १००२:६८३एफ हा क्रमांक दिसतो; त्याखालच्या ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ या ओळीत रेडिऑन, तर ‘कर्नल मॉड्यूल्स’ या ओळीत रेडिऑन आणि एएमडीजीपीयू अशी दोन्ही नावे असतात. खोक्यावरच्या नावापेक्षा हे सांकेतिक नाव महत्त्वाचे आहे, कारण एएमडीने जुन्या चिप नव्या क्रमांकांनी पुन्हा विकल्या. एचडी ७६७०एम हे लॅपटॉपमधील कार्ड नावाने ७००० मालिकेचे असले, तरी त्यातील चिप जीसीएनच्या आधीच्या रचनेची आहे आणि एएमडीजीपीयू ती मुळीच चालवत नाही. टाहिटी, पिटकेर्न, केप व्हर्ड, ओलँड आणि हैनान ही पहिल्या पिढीची नावे असून त्या पिढीला कर्नलमध्ये ‘एसआय’ म्हणतात. बोनेअर, हवाई, कावेरी, कबिनी आणि मुलिन्स ही दुसऱ्या पिढीची, म्हणजे ‘सीआयके’ची नावे आहेत. यांपैकी कोणतेच नाव दिसले नाही, तर पुढील कृती त्या संगणकासाठी नाही.

त्यानंतर फर्मवेअरची, म्हणजे ड्रायव्हर कार्डाच्या चिपमध्ये भरतो त्या छोट्या प्रोग्रॅमांची, खात्री करावी. उबुंटूमध्ये ते ‘लिनक्स-फर्मवेअर’ या पॅकेजात असते. डेबियनमध्ये ‘फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स’ हे पॅकेज लागते आणि डेबियन १२ पासून ते ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ या विभागात ठेवलेले आहे. फर्मवेअर नसेल तर नवा ड्रायव्हर कार्ड सुरूच करू शकत नाही आणि पडदा काळा राहतो. ड्रायव्हर बिघडला असे समजून लोक जिथे हताश होतात, तिथे अनेकदा कारण एवढेच असते.

आता मुख्य भाग. बदल कायमचा करण्याआधी तो एकदाच करून पाहण्याची सोय ग्रबमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना कर्नल चढवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, आहे आणि ती वापरल्याशिवाय पुढे जाऊ नये. संगणक सुरू होताना ग्रबची यादी दिसली नाही, तर यूईएफआय यंत्रावर एस्केप आणि जुन्या बायॉस यंत्रावर शिफ्ट ही कळ वापरावी. यादीतील पहिल्या नोंदीवर असताना ‘ई’ दाबले की बूटच्या आज्ञा संपादनासाठी उघडतात. त्यांतील ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या लांबलचक ओळीच्या शेवटी एक जागा सोडून, पहिल्या पिढीच्या कार्डासाठी ‘रेडिऑन.एसआय_सपोर्ट=० एएमडीजीपीयू.एसआय_सपोर्ट=१’ ही दोन पदे लिहावीत; दुसऱ्या पिढीसाठी दोन्ही ठिकाणी एसआयच्या जागी सीआयके लिहावे. मग कंट्रोल-एक्स किंवा एफ१० दाबावे. ही दुरुस्ती त्या एका बूटपुरतीच टिकते, त्यामुळे पडदा काळा पडला तरी संगणक पुन्हा सुरू करताच जुना ड्रायव्हर आपोआप परत येतो.

डेस्कटॉप दिसला म्हणजे काम झाले असे नव्हे. ‘एलएसपीसीआय -एनएनके’ पुन्हा चालवून ‘इन यूज’च्या ओळीत एएमडीजीपीयू आले आहे ना, ते पाहावे. ‘व्हल्कनइन्फो --समरी’ या आज्ञेच्या उत्तरात कार्डाच्या नावाबरोबर रॅडव्ही दिसायला हवे. केवळ ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसत असेल, तर सारे काम प्रोसेसर करतो आहे असे समजावे; काहीच सापडत नसेल, तर ‘मेसा-व्हल्कन-ड्रायव्हर्स’ हे पॅकेज आहे का ते तपासावे. संगणक झोपवून उठवून पाहावा, एचडीएमआयवरून आवाज येतो का ते ऐकावे, आणि व्हीजीए केबलने जोडलेला जुना मॉनिटर असल्यास तोही लावून पाहावा.

सर्व ठीक असेल तरच बदल कायम करावा. डेबियन आणि उबुंटूमध्ये ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ या फाइलची प्रत काढून ठेवावी, ‘ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट’ या ओळीच्या अवतरणचिन्हांच्या आत तीच दोन पदे जोडावीत आणि ‘सूडो अपडेट-ग्रब’ चालवावे. फेडोरात ‘ग्रबी’ हे साधन तेच काम करते. हीच पदे ‘मॉडप्रोब.डी’ या ड्रायव्हरांच्या सेटिंगच्या फोल्डरमध्येही लिहिता येतात, पण तिथे इनिटरॅमएफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा, नव्याने बांधावे लागते आणि ते विसरण्याकडेच माणसाचा कल असतो. म्हणून ग्रबचा मार्ग धरावा, दोन्हीकडे लिहू नये.

अनेक वर्षे वापरात असलेल्या संगणकात जुन्या उपद्व्यापांचे अवशेष असतात. एएमडीचा बंद पडलेला एफजीएलआरएक्स ड्रायव्हर कधीकाळी बसवलेला असेल, तर ‘मॉडप्रोब.डी’मध्ये काळ्या यादीच्या, म्हणजे एखादा ड्रायव्हर चढू न देणाऱ्या, ओळी राहिलेल्या असू शकतात. ‘/ईटीसी/एक्स११’मधील एखाद्या फाइलमध्ये ड्रायव्हर म्हणून रेडिऑनचे नाव लिहिलेले असेल, तर कर्नलने एएमडीजीपीयू घेतल्यावर एक्स, म्हणजे डेस्कटॉप पडद्यावर दाखवणारी प्रणाली, सुरू होताना अडते. अशी फाइल पुसण्यापेक्षा तिचे नाव बदलून बाजूला ठेवावी.

कायमच्या बदलानंतर अडचण आली, तर ग्रबमध्ये ‘ई’ दाबून तीच दोन पदे खोडावीत, आत शिरावे आणि फाइलची जुनी प्रत परत ठेवून ‘अपडेट-ग्रब’ चालवावे. दोन्ही ड्रायव्हर रुसले तर ‘नोमोडसेट’ हे पद लिहिल्यास साधा पडदा मिळतो आणि दुरुस्तीपुरते तेवढे पुरते.

उबुंटू २४.०४ मूळ कर्नल ६.८ वर आणि डेबियन १३ कर्नल ६.१२ वर असल्याने तिथे ही पदे लागतात. कर्नल ६.१९ पासून मात्र या दोन पिढ्यांच्या स्वतंत्र कार्डांसाठी एएमडीजीपीयू आपणहून निवडला जातो. त्या कर्नलवर गेल्यावर अशा स्वतंत्र कार्डांसाठी ग्रबमधील दोन्ही पदे काढून टाकावीत.