थंडीत पहिलं काम चेनचं

पावसाळ्यातला चिखल मोटरसायकलच्या चेनमध्ये वाळून बसलेला असतो, म्हणून नवशिक्याने थंडीतल्या एखाद्या रविवारी इथूनच सुरुवात करावी. गाडी मधल्या स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. चाक हातानेच फिरवा. इंजिन चालू ठेवून चेन पुसताना बोटं तुटतात, इथे हयगय नकोच.

चेन कव्हर काढा. जुन्या टूथब्रशने डिझेल किंवा रॉकेल लावून घासा, फडक्याने कोरडं करा. पेट्रोल वापरू नका. ओ-रिंगची, म्हणजे कड्यांत रबरी रिंगा असलेली चेन असेल तर रबर खराब होतं. मग ९० नंबरचं गिअर ऑइल चेनच्या आतल्या बाजूने रोलरवर (कड्यांमधल्या फिरत्या नळ्यांवर) थेंबथेंब सोडा आणि जास्तीचं पुसून घ्या, नाहीतर धूळ चिकटते.

आता चेनचा खालचा भाग मधोमध बोटाने वरखाली करून पाहा. बहुतेक कम्यूटर (रोजच्या वापराच्या) गाड्यांना २० ते ३० मिमी ढील लागते. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. ताण देताना मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्याच हव्यात.

मागच्या स्प्रॉकेटवरून, म्हणजे चेन बसते त्या दातेरी चाकावरून, चेन मागे ओढल्यावर अर्ध्याहून जास्त दात उघडा पडला, तर मात्र नुसती चेन नाही, स्प्रॉकेटसकट पूर्ण किट बदला.