मिसफायर नेमका कुठल्या सिलिंडरला आहे ते आधी शोधा
जुनी इंजेक्शनवाली पेट्रोल गाडी आयडलला (उभी असताना, ॲक्सिलरेटर न दाबता) थरथरत असेल तर तो बहुतेक मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाहीये; पण लगेच स्पार्क प्लग, कॉइल (प्लगला स्पार्कसाठी वीज देते ती), वायर सगळंच बदलत बसू नका, आधी इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरचं (सिलिंडरसाठी पेट्रोल फवारतो तो) कनेक्टर काढून परत लावत जा, ज्याचं काढल्यावर आवाजात काहीच फरक पडत नाही तोच सिलिंडर झोपलाय. (चालू इंजिनवर प्लगची वायर मात्र हाताने ओढू नका, झटका जबरदस्त बसतो.) मग इंजिन बंद करून त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरला लावा, मिसफायर तिच्याबरोबर सरकला तर कॉइल गेली, नाहीतर प्लगची पण अशीच अदलाबदल. प्लग पेट्रोलने ओला असेल तर बहुतेक स्पार्कच नाहीये, तेलकट काळा असेल तर ऑइल वर येतंय. तरी मिसफायरची जागा तीच राहिली तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) चेक करा.